दोन वाट्या कोरफड-काढा घातला की सॅनिटायझर उरत नाही

खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक कृती फिरते आहे. एक वाटी स्पिरिट, एक वाटी कोरफडीचा गर, एक वाटी कडुलिंब-तुळशीचा काढा. खाली ठळक अक्षरांत: ‘केमिकल अल्कोहोल कमी, जंतू 99.9 टक्के खलास, हात मऊ!’ काही बचत गट याच्या बाटल्या भरून विकायच्या बेतात आहेत, म्हणून लिहितेय.

आधी हिशेब. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट 70 टक्क्यांचं धरा. तीन वाट्यांत त्याची एकच वाटी, म्हणजे अल्कोहोल उरलं 23 टक्के. हातावरच्या जंतूंसाठी किमान 60 टक्के लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या सूत्रात तर इथेनॉल, म्हणजे हेच अल्कोहोल, 80 टक्के आहे. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं बिघडवतं, विषाणूंचं स्निग्ध आवरण मोडतं, आणि मात्रा उतरली की हे काम अर्धवट राहतं. 60 टक्के राखायचे तर सहा वाट्या स्पिरिटला एकच वाटी गर. काढ्याला जागाच नाही.

‘पण कडुलिंब जंतू मारतो हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय.’ झालंय, पण काचेच्या बशीत. तिथं अर्क आणि जंतू रात्रभर एकत्र असतात. हातावर तुम्ही देता वीस-तीस सेकंद. शिवाय वाढ थांबली म्हणजे जंतू मेले असंही नाही. युरोपच्या ईएन 1500 चाचणीत माणसांच्या हातांना मुद्दाम जंतू लावतात, द्रव चोळतात आणि 60 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलशी तुलना करतात. कमी अल्कोहोलच्या मिश्रणानं ही कसोटी पार करून दाखवावी, मग मी गप्प बसेन. बेळगावातच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. झाडपाल्याची परीक्षा घ्यावी लागते हे निदान आपल्याला तरी नव्यानं सांगायला नको.

‘अल्कोहोल केमिकल, झाडपाला नैसर्गिक.’ इथं मात्र हसू आलं. चिकोडी-अथणीचा ऊस कारखान्यात जातो, साखर काढल्यावर मळी उरते आणि ती आंबवून इथेनॉल होतं. 2020 साली सॅनिटायझरचा तुटवडा पडला तेव्हा देशभरच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या कामाला लागल्या होत्या. वनस्पतीजन्यच हवं असेल तर ते हेच. उलट दुकानात ‘अल्कोहोल-फ्री’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीत बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक रसायन असतं, आणि ते कुठल्या झाडाला लागत नाही.

हात कोरडे पडतात ही तक्रार खरी. त्यावर ग्लिसरीन आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूत्रात ते लिटरला साडेचौदा मिलिलिटर घालतात. एवढ्यानं अल्कोहोलची मात्रा हलत नाही.

आणि तंबाखूच्या वखारीतून किंवा उसाच्या फडातून आलेल्या चिकट, मळक्या हातांवर 80 टक्क्यांचं सॅनिटायझरही नीट चालत नाही. तिथं साबण-पाणीच. गटाला काही विकायचंच असेल तर साबण करा. कडुलिंब, तुळस, कोरफड हौसेनं त्यात घाला.