बाटला रिकामा कसा झाला?

मे महिन्यात आमची एक ट्रकची गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, काढली. पासिंग आलं की आमच्याकडे घरच्या कार्यासारखी धावपळ. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवा, इंडिकेटर बघा, नंबर रंगवून घ्या. केबिनमधून आग विझवायचा लाल बाटला पुसायला म्हणून काढला, तर काटा हिरव्यातून उतरून पार खाली. रिकामा.

मी मामांना फोन लावला. मामा म्हणजे नात्याने कोणी नाहीत. बाबांच्या वेळेपासून आमच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, मला शाळेत सोडायलाही यायचे, म्हणून मामा.

"मामा, बाटला रिकामा कसा झाला?"

"वापरला."

"कशाला?"

"एकाची गाडी पेटलेली. घाटात."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर ताई, तुम्ही आधी माल लेट का झाला तेच विचारलं असतंत."

मी गप्प. कारण विचारून झालं होतं. शिरोलीच्या पार्टीकडे, म्हणजे माल घेणाऱ्याकडे, सळईची गाडी अडीच तास उशिरा पोचली, तेव्हा मी फोनवर जे काही बोलले ते माझं मलाच आठवत होतं. मामा तेव्हा "ट्रॅफिक होतं" एवढंच म्हणाले होते.

झालं होतं ते असं. दुपारी दीड-दोनचा सुमार, पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाचा चढ. उन्हाळ्यात एसी लावून भरल्या घरानिशी कार या चढाला लागली की तापते, हे या रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. अशीच एक कार डाव्या अंगाला थांबलेली, बॉनेटमधून वाफ. चालवणारे गृहस्थ उतरले, एका हाताने बॉनेट वर धरलं आणि दुसऱ्या हाताने थेट रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी मनगटापासून कोपरापर्यंत उडालं. त्यांनी बॉनेट सोडून दिलं, ते आपटून बंद झालं, आणि मिनिटभरात वाफेच्या जागी काळा धूर यायला लागला.

मामा मागून दुसऱ्या गिअरमध्ये रांगत येत होते. भरली गाडी चढावर थांबवणं म्हणजे काय, हे मालवाहतुकीतल्या माणसालाच कळेल. पुन्हा उचलताना क्लच रडतो. तरी थांबवली, किन्नरने, म्हणजे क्लीनरने, मागच्या चाकाला दगड लावले. आधी माणसं बाहेर. बाई आणि दोन पोरं उतरली, पण मागच्या सीटवरची आजी उतरेना, कारण औषधांची पिशवी सीटखाली गेलेली. मामांनी पिशवी आणि आजी दोन्ही उचलली.

मग बाटला. इथे मामांनी जे केलं ते मला स्वतःला सुचलं नसतं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. बाजूची चार बोटांची फट होती, तिथून पावडर आत मारली. का, तर "उघडलं की वारं मिळतं आणि भडकतं." आमचा बाटला दोन किलोचा. आठ-दहा सेकंदांत संपतो. आग दबली, आणि परत डोकं वर काढायला लागली. तेवढ्यात मागून पेट्रोलचा टँकर आला. त्या ड्रायव्हरने टँकर वळणाच्या अलीकडेच, चांगला लांब उभा केला आणि दहा किलोचा बाटला खांद्यावर टाकून चढावर पळत आला. असा बाटला भरलेला असताना पंधरा किलोच्या आसपास भरतो, आणि उन्हाळ्याची दुपार. दुसऱ्या बाटल्यात आग गेली. टँकरवाला रिकामा बाटला उचलून आल्यापावली परत गेला. त्याचं नाव मामांनाही माहीत नाही.

त्या गृहस्थांचा हात मामांनी पाण्याच्या कॅनखाली धरला. आधी घड्याळ आणि अंगठी काढायला लावली, कारण सूज आली की ती निघत नाही. वीस मिनिटं सलग पाणी. आमचा कॅन संपला, मग येणाऱ्या गाड्यांकडून बाटल्या मागितल्या. एक बाई टूथपेस्ट घेऊन आल्या, त्यांना हात जोडून परत पाठवलं. आजीच्या पिशवीत धुतलेला सुती पंचा निघाला, तो सैल गुंडाळून त्यांना एका जीपमधून साताऱ्याकडे लावून दिलं.

आता यातली गंमत ऐका. याचा व्हिडिओ आहे. त्रेचाळीस सेकंदांचा. मामा सांगेनात म्हणून मी आमच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, तर दहा मिनिटांत कुणीतरी टाकला. धूर दिसतो, मामांची पाठ दिसते, आमच्या गाडीचा फाळका दिसतो. खाली लिहिलंय, 'ट्रकच्या धडकेत कार पेटली, खंबाटकी घाट.' आणि त्याखाली एका सज्जनांची कॉमेंट, या ट्रकवाल्यांचे परवाने रद्द करा. व्हिडिओ काढणारा कारपासून पंधरा फुटांवर उभा होता. त्याच्याही गाडीत पाण्याच्या बाटल्या असतीलच की.

नंतर वर्दीतले एक साहेब आले आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "गाडी चढावर का लावली? कागद दाखव." अर्धा तास त्यात गेला.

म्हणजे हिशेब मांडा. थांबला म्हणून ड्रायव्हरचे अडीच तास गेले, क्लच घासला, बाटला संपला, साहेबांनी कागद तपासले, व्हिडिओत गुन्हेगार ठरला, आणि वर मालकिणीच्या शिव्या. आणि आपण फेसबुकवर बसून लिहितो की माणुसकी राहिली नाही, हायवेवर कुणी थांबत नाही. ड्रायव्हर थांबू नये अशी सगळी व्यवस्था आपणच लावून ठेवली आहे, आणि त्या व्यवस्थेत पहिला नंबर पोलिसाचा नाही, आम्हा मालकांचा आहे. माझा आहे. बाटल्याचं रिफिल काही शे रुपयांचं. पण ते पगारातून कापणारे मालक मी पाहिलेत. ड्रायव्हरला बाटला वापरायची भीती वाटते, कारण सील तुटलं की जाब द्यावा लागतो. अनेक गाड्यांत तो सीटमागे, अंथरुणाखाली, सुतळीने करकचून बांधलेला असतो. पासिंगपुरता पुढे येतो. एका गाडीचा बाटला तीन गाड्यांच्या पासिंगला फिरलेला मी पाहिलाय, आणि हो, बाबांच्या काळात आमच्याकडेही फिरलाय.

कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे बरं का. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये या सूचनांवर शिक्कामोर्तब केलं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134ए आलं. चांगल्या हेतूने मदत करताना काही बरंवाईट झालं तर त्याच्यावर कारवाई नाही, आणि नाव-पत्ता द्यायची सक्तीही नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासाच्या आत दवाखान्यात पोचवणाऱ्याला आता 25 हजारांचं बक्षीसही आहे, आधी 5 हजार होतं. चांगलंच आहे. पण पार्टी फोनवर फोन करत असताना कुठला ड्रायव्हर त्या बक्षिसाच्या कागदपत्रांसाठी थांबणार?

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर कॉमेंटमध्ये याल. धडक देऊन पळणारे ड्रायव्हर आहेतच. जानेवारी 2024 चा संप आठवा. भारतीय न्याय संहितेतल्या दहा वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध गाड्या उभ्या राहिल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा ड्रायव्हर एकच सांगत होते, थांबलो तर जमाव मारतो. हे निमित्त आहे असं मलाही कधीकधी वाटतं. पण कलम 134 वाचा. अपघात झाल्यावर जखमीला उपचार मिळवून देणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य, आणि अपवाद कुठला, तर जमावाचा क्षोभ. खुद्द कायद्याला ही भीती खरी वाटते.

तर मामांना हे सगळं येतं कुठून? मध्ये चार वर्षं ते टँकरवर होते. धोकादायक माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं ट्रेनिंग घ्यावंच लागतं, लायसन्सवर तशी नोंद लागते. टँकरच्या अंगावरचा, आत कुठला धोकादायक माल आहे ते सांगणारा नंबर कसा वाचायचा, आग, गळती, प्रथमोपचार, सगळं त्यात येतं. काही ठिकाणी ते नुसतं सही करून मिळतं ही गोष्ट वेगळी. मामांना नशिबाने खरं शिकवणारा माणूस भेटला. सळई, साखर, कांदा वाहणाऱ्याला मात्र यातलं काहीच कुणी शिकवत नाही. रस्त्यावर आग लागली की पहिल्या पाच मिनिटांत तिथे पोचतो तो मात्र हाच. 108 ची ॲम्ब्युलन्स आणि 112 ची मदत येतेच, पण त्यांना रस्ता कापून यायचं असतं.

म्हणून जूनमध्ये एका रविवारी कळंबोलीच्या आमच्या यार्डात अकरा ड्रायव्हर-किन्नर गोळा केले. बाटले रिफिल करणाऱ्याला बोलावलं, अर्धा कापलेला बॅरल घेतला, तळाला थोडं डिझेल ओतून पेटवलं. भाषण नाही. एकेकाने यायचं आणि विझवायचं.

अकरापैकी सात जणांनी पिन न काढताच दांडा दाबला. ज्या हाताने दांडा आवळलेला, त्याच्याच जोराने पिन अडकते, मग ती ओढून निघत नाही. एका वयस्कर ड्रायव्हरने बाटला उलटा केला. हसू नका, जुन्या काळचे सोडा-ॲसिडचे बाटले खरंच उलटे करूनच चालायचे, ते त्याने कुठेतरी पाहिलेलं. एक जण वाऱ्याच्या समोर उभा राहिला आणि पावडर खाऊन परत आला. जवळजवळ सगळ्यांनी ज्वाळेच्या शेंड्यावर मारली. आग राहिली जागेवर, पावडर गेली हवेत. दुसऱ्या फेरीत मुळाशी, झाडू मारल्यासारखं डावीउजवीकडे. एवढंच. दुसऱ्या फेरीत दहा जणांनी विझवली. एकदा हाताने केलं की विसरत नाही, पोहण्यासारखं आहे.

टायरच्या आगीवर बराच वाद झाला. घाट उतरताना ब्रेक धरून धरून लायनर तापतात, टायर पेटतो, पावडरने ज्वाळा जाते आणि पाच मिनिटांत पुन्हा पेटतो, कारण आतला लोखंडी भाग लालबुंद असतो. तिथे पाणी हवं, आणि भरपूर हवं. डिझेलवर मात्र पाणी नको, ते पसरतं. मामांनी अजून एक गोष्ट बजावून सांगितली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली: गॅसचा टँकर फुटला असेल तर शौर्य दाखवायचं नाही. 2024 च्या डिसेंबरात जयपूरजवळ भांकरोट्याला एलपीजीचा टँकर फुटून पेटला, तेव्हा काय झालं ते आठवा. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत धुक्यासारखा पसरतो, आणि लांब उभ्या गाडीच्या इंजिनची ठिणगीही पुरते. तिथे गाडी बंद करून वाऱ्याच्या उलट दिशेला पळायचं आणि मागच्यांना अडवायचं, हीच मदत. जून 2023 मध्ये एक्स्प्रेस वेवर खंडाळ्याजवळ केमिकलचा टँकर पेटला, तेव्हा पुलाखालच्या रस्त्यावरची माणसंसुद्धा गेली.

प्रथमोपचाराला माझी वहिनी आली, ती नर्स आहे. ड्रायव्हरांच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसलेल्या असतात: जखमीला पाणी पाजायचं, आणि हातपाय धरून ओढून काढायचं. दोन्ही तिने हाणून पाडल्या. आग किंवा दुसरी गाडी आदळायचा धोका असेल तरच हलवा, एरवी जखमीची मान हलू न देता धरून बसा. रक्त वाहतंय तिथे पंचा घट्ट दाबा आणि सारखा उचलून बघू नका. काही घुसलं असेल तर उपसू नका. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर कुशीवर वळवा. छातीवर दाब द्यायला बाहुली कुठली आणणार, ताडपत्रीची गुंडाळी घेतली. एक जण म्हणाला, "वहिनी, एवढ्या जोरात दाबलं तर बरगडी मोडेल माणसाची." ती म्हणाली, "मोडू दे. बरगडी जोडता येते." मिनिटाला शंभर ते एकशेवीस, दोन इंच खोल. दोन मिनिटांत भलेभले घामाघूम झाले.

आणि टॉमी, म्हणजे लोखंडी पहार. प्रत्येक ट्रकमध्ये असते. जुलै 2023 ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि 25 माणसं आत जळाली. जे वाचले ते काच फोडून निघाले. बसच्या बाजूची काच मध्ये मारून लवकर फुटत नाही, कोपऱ्यात मारावी लागते. पुढची काच फुटली तरी चिकटून राहते. हे अकरापैकी एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आमच्या तीन गाड्यांपुरतं मी ठरवलंय. मदतीसाठी थांबलेल्या गाडीचा उशीर माझ्या खात्यात, पार्टीशी मी बोलणार. बाटला सहा किलोचा, दरवाज्याजवळ, आणि रिफिल माझं. मामा म्हणाले, "लेखी द्या." दिलं. केबिनमध्ये चिकटवलंय, साहेबांनाही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात.

मालक मंडळींपैकी कुणाला आपली माणसं पाठवायची असतील तर सांगा. बॅरल अजून यार्डातच आहे, पाऊस उघडला की पुढची रविवारची बॅच घेतोय. बाटला तुमचा तुम्ही आणा, जुना, तारीख गेलेला चालेल. आणि पोरांना सांगा, चप्पल घालून येऊ नका.