कण्हेरीच्या ‘तीन जाती’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

कण्हेरीविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा : कण्हेर या सदाहरित झुडपाच्या वंशात पांढरी, तांबडी आणि पिवळी अशा तीन जाती आहेत, सुवासिक कण्हेर भारतीय आणि बिनवासाची विलायती, शिवाय पिवळी तेवढी बिनविषारी असल्यामुळे ती अंगणात निर्धास्त लावावी. यातले एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचे तर जिवावर बेतणारे आहे.

पहिल्या विधानाविषयी. नेरियम हा कण्हेरीचा वंश आज एकाच जातीचा मानला जातो आणि ती जात म्हणजे नेरियम ओलिअँडर. पांढरी, गुलाबी, तांबडी, एकेरी, दुहेरी फुले ही तिच्याच वाणांची आहेत. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, त्या वंशातली नाहीच. वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाचा पाया घालणारे लिनियस यांनी १७५३ साली एकाच ग्रंथात कण्हेर नेरियममध्ये आणि बिट्टी सर्बेरा या निराळ्या वंशात घातली होती. पुढे बिट्टीचा वंश थेवेटिया ठरला आणि आता तो कॅस्काबेला मानतात. या साऱ्या नामांतरांत ती नेरियमपासून वेगळीच राहिली. दोन्ही झाडे अपोसायनेसी कुलातली आहेत एवढेच त्यांचे नाते, पण त्या कुलाच्या आतही बिट्टी चाफा आणि अलमांडा यांच्या जवळ बसते, तर कण्हेर अडेनियम या शोभेच्या झाडाच्या. रंगावरून जात ठरवणेही व्यर्थ आहे, कारण फिकट पिवळ्या फुलांची कण्हेर असते आणि पांढऱ्या किंवा नारिंगी फुलांची बिट्टीही.

खरा फरक फांदी हातात घेतली की दिसतो. कण्हेरीच्या एकेका पेरावर बहुधा तीन पाने येतात, जाड आणि चिवट. बिट्टीची पाने एकाआड एक, अरुंद व चकचकीत असतात आणि तोडताच भरपूर पांढरा चीक येतो. कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर खालच्या बाजूला केसांनी भरलेल्या खळग्यांत लपलेली पर्णरंध्रे दिसतात. पाण्याची वाफ कमी व्हावी यासाठीची ही रचना वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवली जाते आणि ती खरोखर पाहण्यासारखी आहे. फुलात पाकळ्यांच्या गळ्याशी कातरलेली झालर असते आणि परागकोशांची लोकरी टोके एकमेकांभोवती पीळ घालून मधोमध उभी राहतात. बिट्टीचे फूल घंटेसारखे असून क्वचितच पूर्ण उमलते. फळांत तर गल्लत होण्याचे कारणच नाही : कण्हेरीला लांब जोडशेंगा येतात व त्या उकलल्यावर केसाळ बिया उडतात, तर बिट्टीचे फळ कोनदार, मांसल आणि आत टणक कोय असलेले असते.

सुवासिक कण्हेर वेगळी मानण्याला मात्र इतिहास आहे. इंग्रज उद्यानतज्ज्ञ फिलिप मिलर यांनी १७६८ मध्ये नेरियम इंडिकम हे नाव दिले, आणि वास व गळ्याच्या झालरीची कातर यांवरून ती जात दीर्घकाळ स्वतंत्र धरली गेली. परंतु भूमध्य सागराच्या काठापासून चीनपर्यंत पसरलेल्या या झुडपात दोन्ही टोकांच्या मधले सगळे प्रकार आढळतात, त्यामुळे रेघ ओढायला जागा उरत नाही आणि ते नाव आता ओलिअँडरचेच पर्यायी नाव समजले जाते. विलायती म्हणायचेच असेल तर ते बिट्टीला म्हणावे, कारण ती मेक्सिको आणि मध्य व दक्षिण अमेरिकेकडची आहे.

आता विषाबद्दल. कण्हेरीत ओलिअँड्रिन आणि बिट्टीत थेवेटिन ही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ती हृदयाच्या पेशींतला सोडियम व पोटॅशियमचा तोल बिघडवून ठोके अनियमित करतात. श्रीलंकेत १९८० च्या दशकापासून बिट्टीच्या बिया खाऊन झालेल्या विषबाधा हा सार्वजनिक आरोग्याचा गंभीर प्रश्न बनला आहे. मुले बिट्ट्या खेळायला गोळा करतात, म्हणून ज्यांच्या अंगणात हे झाड आहे त्यांनी पडलेली फळे वेळच्या वेळी उचलावीत, आणि कोणी बी चघळल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.