शटर बंद करून गाडी गरम करू नका! (बॅटरीच्या त्या फॉरवर्डबद्दल)

सोमवारी सकाळी सहाला सहकारनगरला बाबांकडे गेले तर गॅरेजचं शटर खाली ओढलेलं, आत गाडी चालू आणि बाबाही आतच उभे. बॉनेट उघडलं तर बॅटरीला आईची जुनी शाल गुंडाळलेली. म्हणाले, "अगं, तुझ्या मामानं पाठवलंय ना ग्रुपवर, थंडीत बॅटरी गरम ठेवायची असते."

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. पारा 15 अंशांखाली गेला की बॅटरी गोठून फुटते, तिला ब्लँकेट गुंडाळा, वरून कोमट पाणी शिंपडा आणि सकाळी शटर बंद ठेवून गाडी 20 मिनिटं चालू ठेवा म्हणजे गॅरेजही तापतं.

आधी शटरचंच बोलते कारण बाकी सगळं चुकीचं आहे पण हे जीवघेणं आहे. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मग झोप आल्यासारखं होतं आणि माणूस तिथेच बसतो, सत्तरीच्या माणसाला वाटणार की लवकर उठल्यामुळे होतंय. शटर अर्धं उघडं ठेवलं तर चालेल का असं बाबांनी विचारलं. नाही चालणार, गाडी सुरू केली की आधी बाहेर काढायची, गॅरेजात उभी ठेवायचीच नाही.

आता गोठण्याचं. चार्ज असलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे 50 च्याही खाली गोठतं. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या वेधशाळेतली नीचांकी नोंद 17 जानेवारी 1935 ची आहे, 1.7 अंश. आणि बऱ्याच बॅटऱ्यांच्या लेबलवर सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स, म्हणजे गारठ्यात गाडी सुरू करायला बॅटरी किती करंट देते ते) लिहिलेलं असतं ना, तो आकडा उणे 18 अंशांना काढतात, तेवढ्या गारठ्यात 30 सेकंद तेवढा करंट देऊन 12 व्होल्टची बॅटरी 7.2 व्होल्टच्या खाली जाता कामा नये अशी ती टेस्ट असते. उणे 18 ला टेस्ट केलेल्या वस्तूला पुण्याच्या 9-10 अंशांत शाल?

शालीने ऊब येते कारण आपलं अंग स्वतः उष्णता तयार करतं, बंद गाडीतली बॅटरी करत नाही, पहाटेपर्यंत ती बाहेरच्या हवेइतकीच गार होते. कॅनडात बॅटरीला ब्लँकेट लावतात हे खरं, पण ते विजेवर चालणारं असतं आणि तिकडे उणे 30 असतं. इथे ती शाल सुटून फॅनच्या पट्ट्यात अडकली असती किंवा गरम भागाला लागून पेटली असती. पाणी शिंपडलं तर टर्मिनल गंजतात, बाकी काही नाही.

हां, एक अर्धी गोष्ट खरी आहे, थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, शून्य अंशाला साधारण एक तृतीयांश घटतो, शिवाय ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त ताकद लागते, म्हणून जुनी बॅटरी डिसेंबरातच दगा देते. पण ती खराब झालेली असते एप्रिल-मेमध्ये, 40 अंशांत बॉनेटखाली भाजून. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य उन्हाळा खातो, थंडीत ते फक्त दिसतं.

बाबांच्या बॅटरीचं व्होल्टेज मीटरने बघितलं, रात्रभर उभ्या गाडीत 12.6 हवं, होतं 12.1. बॅटरी साडेचार वर्षांची आणि गाडी आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याने चार्ज करून लोड टेस्ट केली, फेल, नवीन बसवली. आता आठवड्यातून दोनदा तरी अर्धा-पाऊण तास गाडी फिरवा असं सांगितलंय त्यांना, नुसती उभ्या उभ्या चालू ठेवून ती नीट चार्ज होत नाही.

मामा, बाकीचं राहू दे, पण तो शटरवाला मेसेज ग्रुपवरून आजच काढ. मावशीकडेही शटरचं गॅरेज आहे आणि काका पहाटे साडेपाचला गाडी काढतात.