चाकू हवा तेवढा जुना करून मिळेल

माळ्यावर घडीचा चाकू सापडलाय आणि जुना म्हणून विकायचाय? मग पहिलं काम म्हणजे आधी तो किती जुना पाहिजे ते ठरवायचं, पात्याच्या बुडाशी ठोकलेली अक्षरं नंतर बघू. शंभर वर्षं वगैरे भिकार वाटतं हो, सरळ पेशवाई धरा.

आता बुडावर 'स्टेनलेस' दिसलं तर घाबरू नका. ते स्टील इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये काढलं, पण आपल्याकडे सगळंच आधी होतं ना, मग हेही असणारच. नुसतं 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असेल तर त्यावर अंगठा ठेवून फोटो काढा, कारण १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि असा शिक्का म्हणजे चाकू बहुतेक त्यानंतरचाच, आणि हे माहीत असलेला एखादा खडूस कुठेतरी असतोच.

शेफील्डच्याच जोसेफ रॉजर्स कंपनीचा तारा आणि माल्टीज क्रॉस (आठ टोकांचा क्रूस) निघाला तर मात्र लॉटरी! त्या कंपनीच्या मार्कची गोष्ट १६८२ पासून सुरू होते, म्हणजे चाकूही १६८२ चा, म्हणजे डायरेक्ट संभाजी महाराजांचा काळ, पेशवाई गेली उडत. बाजूला मुकुट आणि व्ही. आर. असलं तर लोक व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१ वगैरे सुरू करतील, तुम्ही सांगायचं की आमचे खापरपणजोबा विष्णू रामचंद्र.

'केस' (CASE) या अमेरिकन कंपनीचा चाकू जरा त्रासदायक. १९७० ला शिक्क्याखाली दहा ठिपके, मग दरवर्षी एक कमी, १९७९ ला एकच उरला, आणि १९८० ला नावातला 'एस' विजेसारखा वाकडा करून परत दहा. (इतका प्रामाणिकपणा कुणी सांगितला होता?) पण १९६५ ते ६९ च्या शिक्क्यात ठिपकेच नाहीत, तेव्हा पॉलिश पेपर घ्या, घासा, झाला चाकू पाच-दहा वर्षांनी म्हातारा. बूड तेवढंच खोलगट दिसतं आणि जाणकार आधी तिथेच भिंग लावतो, पण जाणकाराला विकायचंय कुणाला, किंमत इनबॉक्समध्ये.

स्विस सैनिकी चाकू निघाला तर नाद सोडा. १९५१ च्या मॉडेलपासून बुडावर वर्षाचे शेवटचे दोन आकडे चक्क ठोकलेले असतात, ५७ म्हणजे १९५७, यात माणसाने बोलायचं काय? पेरू कापा त्याने.