क्लिव्हडनचा पैसा आला कुठून? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप तीन: इंग्लंडमधल्या क्लिव्हडन या जुन्या, आता हॉटेल झालेल्या हवेलीवरचा माझा लेख जाहिरातीसारखा झाला आणि त्यात एका मंत्र्याचं पद घालवणारं प्रोफ्युमो प्रकरणच फार, ती हवेली हिंदुस्थानच्या लुटीवर उभी आहे, त्यावर मी अवाक्षर काढलं नाही, आणि हॉटेल करून इंग्रजांनी स्वतःचा वारसाही विकायला काढला.

लुटीचं आधी बोलू. आपल्याकडच्या पैशावर उभी राहिलेली घरं तिथे आहेतच. बर्कशायरमधलं बेसिल्डन पार्क बंगालमधून गब्बर होऊन परतलेल्या फ्रान्सिस साइक्सने बांधलं. वेल्समधल्या पोविस किल्ल्यात तर टिपूचा तंबू आहे. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या तिथल्या संस्थेने २०२० साली वसाहतवाद आणि गुलामगिरीशी धागे असलेल्या आपल्याच ९३ जागांचा अहवाल काढला, तेव्हा तिकडे केवढा गदारोळ झाला! पण म्हणून दिसेल त्या हवेलीवर तोच शिक्का मारला, तर ज्यांचं खरोखर लुटलं गेलं ते बाजूलाच राहतात.

क्लिव्हडनचंच बघा. मूळचं घर बकिंगहॅमच्या ड्यूकचं, १६६६च्या सुमाराचं. ते १७९५ साली जळालं, नंतरचं १८४९ साली जळालं. आज दिसतं ते १८५१चं, सदरलंडच्या दुसऱ्या ड्यूकने चार्ल्स बॅरीकडून बांधून घेतलेलं. लंडनची पार्लमेंट बांधणारा तोच हा बॅरी. आता हे सदरलंड घराणं कोण? या ड्यूकच्या आईवडिलांच्या काळात उत्तर स्कॉटलंडमध्ये, मेंढ्यांना कुरणं मोकळी व्हावीत म्हणून, हजारो कुळांना पिढीजात जमिनींवरून उठवलं. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हरमध्ये लोक परत येऊ नयेत म्हणून घरांची छपरं पेटवली गेली. पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर खटला भरला, तो १८१६ साली निर्दोष सुटला. पुढे याच घराण्याची सून अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध पुढाकार घ्यायला लागली, तेव्हा कार्ल मार्क्सने १८५३ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात तिची सालटी काढली. ही लुट नाही का? फक्त ती आपली नव्हती.

१८९३ साली घर विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टरने घेतलं. त्याचा पैसा अमेरिकेतला: पणजोबांचा कातड्यांचा व्यापार आणि मग न्यूयॉर्कमधल्या जागांची भाडी. हा गृहस्थ अमेरिकन, त्यामुळे व्हिक्टोरिया राणीला हा सौदा मुळीच रुचला नाही. पठ्ठ्याने रोमच्या बोर्गेझे बागेतला दगडी कठडाच विकत आणून दक्षिणेकडच्या गच्चीखाली बसवला. इटलीत त्यावरून कोर्टकचेरी झाली, पण कठडा काही परत गेला नाही. गंमत म्हणजे २००४ साली त्याच कठड्यावर भूमध्य समुद्राकडची, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची गोगलगाय सापडली. दगडांबरोबर आली असावी आणि शंभर वर्षं तिथेच नांदली, असा अंदाज आहे.

आता विक्रीचं. घर विकलेलं नाही. ॲस्टर कुटुंबाने ते १९४२ साली नॅशनल ट्रस्टला दान केलं, देखभालीसाठी पैसे ठेवून आणि आपण तिथे राहत राहू या अटीवर. ते निघून गेल्यावर काही वर्षं स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी तिथे राहून शिकले. त्यानंतर, १९८०च्या दशकात, हॉटेल आलं, तेही भाडेपट्ट्यावर. मालकी ट्रस्टकडेच आहे. एवढ्या छपराची डागडुजी कुणी तरी करायलाच हवी, आणि पाहुण्यांच्या बिलातून ती होत असेल तर मला त्यात पाप दिसत नाही. बागेत मात्र तिकीट काढून कुणालाही जाता येतं, हॉटेलात खोली घ्यावी लागत नाही.

राहता राहिला प्रोफ्युमो. १९६१च्या जुलैत तिथल्या पोहण्याच्या तलावाकाठी ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो आणि क्रिस्टीन कीलर ही तरुण मॉडेल यांची गाठ पडली आणि १९६३ साली मंत्र्याला तिच्याशी असलेल्या संबंधांबद्दल संसदेत खोटं बोलल्यामुळे राजीनामा द्यावा लागला. निम्म्या वाचकांना क्लिव्हडन हे नाव तेवढ्यामुळेच ठाऊक असतं. तो भाग मी काढणार नाही.