आसगावची ताटली आणि लंडनचं बिल

गोव्यात आसगाव-शिवोलीकडच्या एखाद्या जुन्या घरात टेस्टिंग मेन्यूचं नवं रेस्टॉरंट निघालं आणि तिथल्या बिलाचा फोटो कुणी पाठवला, की फोंड्याच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नसतो. माणशी पाच-सहा हजार, वर कर, त्याच्यावर सर्व्हिस चार्ज. ‘एवढ्यात आमचा महिन्याचा बाजार होतो,’ हे मामींचं ठरलेलं वाक्य. ‘हे दिल्लीवाल्यांसाठी, आपल्यासाठी नव्हे,’ हे मावसभावाचं. मग कुणीतरी मला मध्ये ओढतं: तू लंडनला असतोस, तिकडे हे असलं चालतंच ना, तूच सांग.

तर सांगतो. टेस्टिंग मेन्यू म्हणजे काय खायचं ते तुम्ही ठरवायचं नाही. स्वयंपाकघर ठरवेल त्या क्रमाने दहा-पंधरा छोटे पदार्थ येतात आणि जेवण अडीच-तीन तास चालतं. नावं ठेवणाऱ्यांना यात परकं काय वाटतं कोण जाणे. समाराधनेच्या पंगतीत आपण कधी मेन्यूकार्ड मागितलं होतं?

यामागे हिशेबही आहे. टेबल आधी राखायचं, बऱ्याच ठिकाणी पैसेही आधी भरायचे. त्यामुळे आज किती माणसं जेवणार आणि त्यांना काय लागणार, हे सकाळीच ठरलेलं असतं. उरलंसुरलं फेकावं लागत नाही. चाळीस प्रकारांचं मेन्यूकार्ड सांभाळणाऱ्या हॉटेलला जो थोडाच येणारा माल परवडत नाही, तो इथे वापरता येतो. बदल्यात हात जास्त लागतात. जेवणाऱ्यांच्या निम्म्याएवढी माणसं आत-बाहेर राबत असली तर नवल नाही. दर चढतो तो मुख्यतः तिथे.

दराबद्दल माझी तक्रार नाही, आणि इथेच घरच्यांशी माझं बिनसतं. हंगामाच्या तोंडाला मानकुराद आंबा डझनाला काही हजारांवर जातो, तरी घेणारे घेतातच. पावसाळ्यात रस्त्याकडेला बसलेल्या बाईकडून अळमी, म्हणजे रानातली अळिंबी, घेताना हजार-दीड हजार मोजणारे आमच्याच घरात आहेत, आणि ते अभिमानाने सांगतात. त्याच अळम्यांची कुणी नीट शिकून, डोकं लावून एक ताटली केली, की ती लूट होते. आपलं जेवण चांगलंही हवं आणि स्वस्तही हवं, हा हट्ट आपण फक्त आपल्याच जेवणाबाबत धरतो. लंडनमध्ये टॅमरिंड आणि झायका या भारतीय रेस्टॉरंटना २००१ मध्ये मिशेलिनचा, म्हणजे रेस्टॉरंटना दर्जा देणाऱ्या मार्गदर्शिकेचा, तारा मिळाला, तोवर इथे भारतीय जेवण म्हणजे रात्री उशिरा बिअरनंतर खायची करी, अशीच बहुतेकांची समजूत होती. २०२५ मध्ये दुबईच्या ट्रेसिंड स्टुडिओला तीन तारे मिळाले. भारतीय रेस्टॉरंटला तीन तारे मिळण्याची जगातली ही पहिलीच वेळ. फ्रेंच माणसाने त्याच्या सॉसचे पैसे मागितलेले चालतात, तर आपल्या हुमणाचे, माशाच्या नारळातल्या कालवणाचे, का मागू नयेत?

मागच्या पावसाळ्यात गावी आलो तेव्हा अशा एका ठिकाणी जेवलो. नाव सांगत नाही, कारण कौतुक आणि तक्रार दोन्ही आहे. परातीएवढ्या काळ्या ताटलीच्या मधोमध एकच शिंपली आली. तिच्यात दोन तिसऱ्यांचं, म्हणजे छोट्या शिंपल्यांचं, मांस, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लेकराला चाटवावं एवढंसं, आणि तेफळ या मसाल्याच्या तेलाचे दोन-तीन थेंब. तोंडात टाकल्यावर आधी खोबरं कळलं, मग तिसऱ्यांचा खारटपणा, आणि घास गिळून झाल्यावर जिभेच्या कडेला तेफळाच्या मुंग्या आल्या. आमच्याकडे तेफळ बांगड्याच्या हुमणात पडतं, तिसऱ्यांना सहसा कुणी लावत नाही. हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. पैसे त्या एका घासात वसूल झाले असं म्हणणार नाही, पण बरेचसे झाले.

वाढणाऱ्या मुलाने ही शेफच्या आजीची रेसिपी असल्याचं पाठ केलेल्या इंग्रजीत सांगितलं. मी विचारलं, तिसऱ्या कुठच्या? तो आत जाऊन विचारून आला: ‘लोकल आहेत, सर.’ आजी कुठल्या घरातली होती ते ठाऊक, पण तिसऱ्या कुठल्या नदीतल्या ते नाही! चौथ्या की पाचव्या ताटलीत इसवण, म्हणजे सुरमई, आला. जुलै महिना होता. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्यात ट्रॉलरना मासेमारीबंदी असते, हे माशांच्या बाजारात जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणजे तो इसवण बहुधा बर्फातला तरी होता, नाहीतर बाहेरून आलेला. हंगामाच्या नावाने पाच हजार घेणाऱ्याने नेमकं तिथे घसरावं? त्या दिवसांसाठी आपल्याकडे पुरुमेंत आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी घराघरांत भरून ठेवलेले सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), आमसुलं, लोणची. त्याच्याच जोडीला पावसाळ्यातला टायकिळा ही रानभाजी आणि अळू. यातून बारा ताटल्या लावून दाखवल्या तर मी दर दुप्पट म्हटला तरी जाईन.

‘आपल्यासाठी नव्हे’ हा मावसभावाचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. लंडनमधल्या महागड्या रेस्टॉरंटात सामान्य लंडनकर जेवत नाही, आणि त्याचं त्यावाचून अडतही नाही. गोव्यात अडतं. मोठी सुंगटं, चांगला चणक मासा हॉटेलांकडे वळला की म्हापशाच्या बाजारात जे उरतं त्याचाही भाव चढतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकनी मेन्यूत शीत-कडी, म्हणजे भात आणि माशाची कढी, ठेवलीच पाहिजे, असं २०२३ च्या धोरणात सरकारला लिहावं लागलं, यातच काय ते आलं. पण हे दुखणं एकट्या टेस्टिंग मेन्यूचं नाही. तीस माणसांना एकेक घास मासा वाढणारी जागा त्यात अगदीच लहान गिऱ्हाईक आहे.

माझं भांडण आहे ते त्या सर्व्हिस चार्जवरून. ग्रुपवरचा निम्मा राग त्या एका ओळीवर असतो, आणि मामांनी लगेच नियमाचं कात्रण टाकलेलं असतं: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलंय की हा चार्ज आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. बरोबरच आहे. पण ही सगळी लढाई जेवणाऱ्याच्या खिशासाठी. ब्रिटनमध्ये वाद दुसऱ्या टोकाला झाला. इथे बिलात साडेबारा टक्के सर्रास लावलेले असतात, नको असतील तर काढायला सांगता येतात. मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने त्यातला पैसा मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही. सगळा कामगारांत वाटायचा, कसा वाटणार ते लेखी ठेवायचं, आणि दिला नाही तर कामगार न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. आपल्याकडे ‘मी का देऊ’ यावर दोन दिवस चर्चा होते. ‘त्याला मिळतात का’ असं एकदाही कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही.

आणि हे फक्त वाढणाऱ्यापुरतं नाही. टेस्टिंग मेन्यूच्या दुनियेत वर्षानुवर्षं देवासारखं पाहिलं गेलेलं कोपनहेगनचं नोमा आपल्या शिकाऊ मुलांना ऑक्टोबर २०२२ पर्यंत पगार देत नव्हतं. पगार सुरू झाला आणि पुढच्याच जानेवारीत तिथले शेफ रेने रेडझेपी यांनी जाहीर केलं की या पद्धतीचं गणित बसत नाही, नेहमीचं रेस्टॉरंट म्हणून आता नोमा चालवायचं नाही. गणित न बसण्याला एवढं एकच कारण होतं असं नाही, पण चिमट्याने पानं लावणारे फुकटचे हात त्या गणितात होते हे खरं. आपल्याकडे हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना अशा ठिकाणी ट्रेनिंग करणं अभ्यासक्रमातच लावून दिलेलं असतं. त्यांना महिन्याला काय हातात पडतं, हे पाच हजारांच्या बिलावर चिडणाऱ्याने कधी विचारलंय का?

तेव्हा पुढच्या वेळी ती ओळ बिलातून काढायला लावायच्या आधी वाढणाऱ्या मुलाला एवढंच विचारा, की हे पैसे तुला मिळतात का. तो उत्तर द्यायच्या आधी काउंटरकडे बघायला लागला, तर ओळ खुशाल काढायला लावा आणि तेवढेच पैसे रोख त्याच्या हातात ठेवा.