खापर फोडायला डोकं शोधा, मग मेल सर्व्हर

संस्थेचा मेल क्लाउडवर ठेवायचा की स्वतःच्या सर्व्हरवर, हे ठरवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर एक नक्की: त्या मीटिंगला तुम्ही उशिरा पोहोचला होता. असो. खर्च, सुरक्षा, सोय असले तक्ते करत बसू नका. मेल बंद पडेल त्या दिवशी खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, तेवढं आधी ठरवा. पुढची निवड आपोआप होते.

डोकं घरचंच हवं असेल, तर सर्व्हर स्वतःचा घ्या. मीटिंगमध्ये 'आपला डेटा आपल्या ताब्यात हवा' एवढंच ठणकावून सांगा. या वाक्याला विरोध करायची कुणाची छाती होत नाही. मेल पाठवणारं पोस्टफिक्स फुकट, मेलबॉक्स सांभाळणारं डव्हकॉट फुकट, आणि ते चालवणारा अ‍ॅडमिन आधीपासून पगारावर आहे, म्हणजे तोही फुकटच. त्याला रविवारी बोलवा. संध्याकाळपर्यंत तो स्वतःच स्वतःला मेल पाठवून दाखवेल. टाळ्या वाजवा आणि लगेच घरी जा, कारण पुढचा मेल बाहेर पाठवायचा असतो.

बाहेर पडायला पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरचं मेलसाठीचं ठरलेलं दार लागतं, आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी स्पॅमच्या धास्तीने ते बंदच ठेवलेलं असतं. विनंती करकरून उघडून घेतलंत, की कळतं मिळालेला आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबर) आधीच स्पॅमवाल्यांच्या ब्लॅकलिस्टवर आहे. खोलीतला जुना भाडेकरू उधाऱ्या करून पसार, आणि वसुलीवाले दार वाजवतायत तुमचं. त्यातून सुटलात की मेल खरंच तुमचाच आहे हे समोरच्याला पटवणाऱ्या नोंदी: रिव्हर्स डीएनएस, एसपीएफ, डीकिम, डीमार्क. यातलं एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं त्याची यादी. त्याची गंमत अशी, की ते तपासताना डीएनएसकडे, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीकडे, जास्तीत जास्त १० चौकशा चालतात. मार्केटिंगने मेल पाठवणारी एक सेवा परस्पर जोडली, एचआरने दुसरी, अकाउंट्सने तिसरी, की कधीतरी अकरावी चौकशी होते आणि अख्ख्या संस्थेचं एसपीएफ आडवं होतं. दोष अर्थातच अ‍ॅडमिनचा. त्याने आधी सांगायला नको? त्याने सांगितलं होतं. मेलवर.

खरी मजा तर यानंतर आहे. समोरचा सर्व्हर तुमचा मेल नाकारतच नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, ओळ दिसते, '२५० ओके', म्हणजे घेतला. घेतला आणि स्पॅममध्ये टाकला, हे मात्र तो सांगत नाही. इकडे विक्री विभागाचे साहेब अ‍ॅडमिनच्या खुर्चीमागे उभे: "कोटेशन मिळालंच नाही म्हणतायत ते." अ‍ॅडमिन लॉग दाखवतो. साहेब स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता म्हणतात, "जीमेलवरून पाठवलं असतं तर गेलं असतं." आणि स्वतःच्या खासगी जीमेलवरून पाठवतात. जातंही. आपला डेटा आपल्या ताब्यात होता तो एवढाच वेळ.

फेब्रुवारी २०२४पासून तर गूगलचं फर्मान आहे: जीमेलवर दिवसाला ५,०००च्या वर मेल पाठवत असाल, तर स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. तुमचं मार्केटिंग ते आव्हान म्हणून स्वीकारेल. सर्व्हरची ओळख पटवणारं ९० दिवसांचं प्रमाणपत्र आपोआप नवं होईल, फक्त डव्हकॉट रीलोड करायचं राहिलं असेल, म्हणून तो जुनंच दाखवत बसेल. हे घडायचा मुहूर्त म्हणजे अ‍ॅडमिनच्या रजेचा पहिला दिवस.

आणि सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजचा असेल, तर सुरक्षेची भोकं बुजवणारे पॅच वर्षअखेरचे हिशोब संपल्यावर सावकाश लावा. मार्च २०२१मध्ये जगभरात हजारो एक्स्चेंज सर्व्हर फोडले गेले, पण ते लोकांचे. २०१६ आणि २०१९च्या आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तरी सकाळी मेल येतोय ना? मग झालं तर.

हे नको असेल आणि परकं डोकं चालणार असेल, तर क्लाउड. फायदा एकच, पण जबरदस्त: बंद पडतं तेव्हा सगळ्यांचंच पडतं. १४ डिसेंबर २०२०ला गूगलच्या लॉगिन लागणाऱ्या सेवा जगभर साधारण पाऊण तास बंद होत्या. अशा वेळी अ‍ॅडमिनने 'त्यांच्याकडूनच डाउन आहे' म्हणायचं आणि पाय मोकळे करायला निघायचं. खुर्चीमागे कुणी उभं राहत नाही.

बॅकअपचा विचार मनात आणू नका. क्लाउडवर आहे म्हणजे सगळं जन्मभर राहणारच. एक कर्मचारी सोडून जातो, एचआर म्हणतं लायसन्सचे पैसे वाचवा, अ‍ॅडमिन खातं उडवतो. गूगल वर्कस्पेसमध्ये उडवलेलं खातं २० दिवसांत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टकडे ३० दिवसांत. ऑडिटर त्याच माणसाचे मेल मागतो तो त्यानंतरच.

सुरक्षेबद्दल मात्र निर्धास्त राहा. २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टची एक साइनिंग की, म्हणजे लॉगिनच्या पासांवर मारायचा शिक्का, हॅकरांच्या हाती लागली आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे मेल वाचले गेले. खात्याला ते कळलं, कारण त्याने जास्तीचे पैसे मोजून वरचा प्लॅन घेतला होता आणि चोरी दिसेल असे लॉग तेव्हा त्याच प्लॅनमध्ये मिळत. बोभाटा झाल्यावर ते खालच्या प्लॅनवाल्यांनाही द्यायचं ठरलं. तुम्ही सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्या आणि लॉग उघडू नका. जे दिसलं नाही त्याचा अहवाल लिहावा लागत नाही.

काहींना दोन्ही हवं असतं: अर्धे मेलबॉक्स इथे, अर्धे तिथे. अशांना सल्ल्याची गरज नाही, त्यांच्याकडे सल्लागार आहेत.

निवड काहीही करा, एक पथ्य पाळा. डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि ते रिन्यू करायच्या सूचना कुठल्या पत्त्यावर जातात, हे चुकूनही तपासू नका. त्या कधीच नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलबॉक्सकडे जातात, आणि तो मेलबॉक्स लायसन्सचे पैसे वाचवायला तुम्हीच उडवलेला असतो.